थंडगार गॅसची मालकीण

आत्याबाईंनी गॅसच्या कंपनीत पैसे घातले ते आपल्या सांगण्यावरून, असं त्यांचा जावई सगळीकडे सांगत फिरतो. हे साफ खोटं आहे. जावई म्हणाला होता, "आई, हे तुमचं काम नाही, यात डोकं लागतं." त्या एका वाक्यावर आत्याबाईंनी पैसे घातले. कुणाच्या सांगण्यावरून करणं आणि कुणाच्या नाकावर टिच्चून करणं यातला फरक ज्याला कळत नाही, त्याने दुसऱ्याच्या डोक्याची चौकशी करू नये.

झालं असं की, त्या रविवारी लेक आणि जावई जेवायला आले होते. जावई कुठल्याशा ऑफिसात सल्लागार आहे. तो नक्की कुणाला सल्ला देतो हे लेकीलाही धड सांगता येत नाही. पण सल्ला त्याच्या अंगातून सारखा पाझरत असतो, आणि ऑफिसात उरलेला तो सासरी आणून संपवतो. मागे त्याने आत्याबाईंच्या मोठ्या मुलाला, थोरल्याला, कुक्कुटपालन सुचवलं होतं. तिसऱ्या मजल्यावर. त्या दिवशी त्याने गॅस काढला.

"आता पुढची दहा वर्षं सगळं गॅसमध्ये आहे, आई. जमिनीतून निघणारा नैसर्गिक वायू. तो थंड करायचा, इतका थंड की त्याचं पाणी होतं. शून्याच्या खाली दीडशेच्या वर डिग्री! मग तो सहाशे पट लहान होतो. जहाजात भरायचा, परदेशात विकायचा. हे थंड करायचे कारखाने ज्या कंपन्या बांधताहेत ना, त्यांचे शेअर आत्ता घेऊन ठेवायचे. कारखाना सुरू झाला की मग..." असं म्हणून त्याने हातातला चमचा वर वर नेला. चमच्यातली भाजी खाली खाली आली. धुतलेल्या टेबलक्लॉथवर.

आत्याबाईंनी डागाकडे पाहिलं, मग जावयाकडे पाहिलं. "म्हणजे रजया ट्रंकेत भरतात तसं."

"काय?"

"बाहेर पसरल्या की खोली भरते. दाबल्या की एका ट्रंकेत मावतात. पण झाकणावर कुणीतरी बसावं लागतं. तुमच्या त्या जहाजात झाकणावर कोण बसतं?"

जावई हसला. आत्याबाई विनोद करत नव्हत्या. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. "आणि एवढा गारठा करायचा म्हणजे विजेचं बिल येत असेल. ते कोण भरतं? घेणाऱ्याने मध्येच नको म्हटलं तर अर्ध्या वाटेवरचं जहाज कुठे वळवायचं? आणि वाटेत विरघळलं तर?"

"विरघळत नाही हो, उकळतो."

"थंडगार असून उकळतो?"

इथे जावयाने थोरल्याकडे बघून डोळे फिरवले आणि ते डोक्याचं वाक्य म्हटलं. थोरला पाणी प्यायला. संकट आलं की तो पाणी पितो. थोरली सून भांडी उचलायला लागली, ती हुशार आहे.

बँकेतली एक मुदतठेव नेमकी त्याच आठवड्यात सुटली होती. बँकेतल्या माणसाने नव्या व्याजाचा आकडा सांगितला तेव्हा आत्याबाई त्याला म्हणाल्या होत्या, "एवढं तर मी रद्दीतून काढते." तेव्हा पैसे मोकळे होते, अपमान ताजा होता, आणि सोमवार उजाडला होता.

एकच अडचण होती. तळमजल्यावर मास्तरीणबाई राहतात. त्या शाळेतून निवृत्त झाल्या, पण शिकवण्यातून झालेल्या नाहीत. त्यांचे यजमान शेअर घेतात, आणि एकदा जिन्यात आत्याबाईंनी त्यांना सगळ्यांदेखत जुगारी म्हटलं होतं. नुसतं म्हटलं नव्हतं, घामाचा पैसा आणि हरामाचा पैसा यांवर एक भाषणही दिलं होतं. बिल्डिंगमधल्या लहान मुलांनाही ते पाठ आहे. त्यामुळे ही गोष्ट बाहेर फुटणं परवडणारं नव्हतं. आत्याबाईंनी थोरल्या सुनेला स्वयंपाकघरात बोलावलं, दार लोटलं आणि कुकरची शिट्टी चालू असताना सांगितलं. सून म्हणाली, "आई, फोनवर खातं उघडता येतं. मी करते, पण कुणाला सांगू नका." जणू काही सांगणार त्या होत्या!

खातं उघडता येतं हे खरं. पण आत्याबाईंना उघडता येतं असं नव्हे.

पहिल्यांदा अंगठा. ठसे घ्यायला आलेल्या मुलाच्या यंत्राने आत्याबाईंच्या दहापैकी एकाही बोटाला ओळख दाखवली नाही. भांडी घासून घासून रेषा झिजल्या होत्या. "आजी, तुमच्या बोटांना ठसेच नाहीत," तो म्हणाला. "ठसे नाहीत? या घरातली एकेक कढई येऊन बघ, प्रत्येकीवर आहेत," आत्याबाई म्हणाल्या. त्याने कढई चालणार नाही म्हणून सांगितलं.

मग सही. आत्याबाई सही करतात ती एकेक अक्षर मनात म्हणत. एका अक्षराच्या वेळी कुणी बोललं तर पुढचं अक्षर मोठं येतं. त्या दिवशी सून बोलली, मग दारावरची घंटा वाजली, मग थोरला पाणी प्यायला. तीन सह्या तीन बायकांच्या दिसत होत्या, आणि तिसरी बाई जरा रागात होती. कंपनीने तिन्ही परत पाठवल्या.

शेवटी फोनवर समोरासमोर ओळख पटवायची ठरली. पडद्यावर एक टाय लावलेला तरुण आला. त्याने आत्याबाईंना डावीकडे बघायला सांगितलं. त्यांनी बघितलं. उजवीकडे बघायला सांगितलं. बघितलं. मग तो म्हणाला, "आता डोळे मिचकावा."

आत्याबाईंनी पदर सावरला.

"काय मिचकावा?"

"डोळे, मॅडम. तुम्ही जिवंत आहात हे सिस्टिमला कळलं पाहिजे."

"जिवंत आहे हे तुला ऐकू येत नाही? या वयात मला परक्या मुलाकडे बघून डोळे मिचकावायला लावतोस? तुझ्या आईचा नंबर दे."

सुनेने हातापाया पडून मिचकावायला लावलं. आत्याबाईंनी मिचकावले, पण असे की त्या तरुणाने लगेच 'ओके, ओके' म्हणून फोन बंद केला.

पुढे प्रश्नावली होती. तुमची जोखीम घेण्याची तयारी किती: कमी, मध्यम की जास्त? सून म्हणाली, कमी लिहूया. आत्याबाई म्हणाल्या, "मी तुझ्या सासऱ्यांशी न बघता लग्न केलं. जास्त लिही." मग विचारलं होतं, तुमच्या पश्चात पैसे कुणाला. एवढा वेळ आतल्या खोलीत पेपर वाचणारा थोरला अचानक बाहेर येऊन खुर्चीत बसला. म्हणजे गुपित त्यालाही कळलं होतं, आणि नेमकं याच प्रश्नाला कळलं होतं. आत्याबाईंनी सुनेचं नाव घातलं. थोरला पाणी प्यायला.

तर अशा रीतीने आत्याबाई एका कारखान्याच्या मालकीण झाल्या. भागधारक हा शब्द त्यांना पटला नाही. पैसे दिले, वस्तू आपली, मग आपण मालकीण. आणि आत्याबाईंनी आयुष्यात कुठलंच बांधकाम न बघता त्याचे पैसे चुकते केले नव्हते. घराला रंग दिला तेव्हा त्या खुर्ची टाकून भिंतीसमोर बसल्या होत्या. गच्चीवर पाण्याची टाकी बसवली तेव्हा प्लंबरने दुसऱ्या दिवशी स्वतःहून सांगितलं, "काकू, तुम्ही खाली जा, मी नीट करतो." आता त्यांचा कारखाना कुठे तरी समुद्राकाठी उभा राहत होता आणि देखरेखीला कुणी नव्हतं.

सुनेने फोनवर कारखान्याचा फोटो शोधून दाखवला. नळ्याच नळ्या, आणि मध्ये एक अवाढव्य गोल टाकी. पांढरीशुभ्र.

"पांढरी?" आत्याबाई म्हणाल्या. "समुद्रावर? खाऱ्या हवेत? कुणी सांगितलं यांना?"

त्या फोटोखाली भागधारकांसाठी मदत क्रमांक होता. आत्याबाईंनी तो लावला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती. तिने टाकीची तक्रार ऐकून घेतली, सूचना वरिष्ठांकडे पाठवते म्हणाली. पुढच्या सोमवारी आत्याबाईंनी पाठवली का म्हणून विचारायला फोन केला. त्याच्या पुढच्या सोमवारी वरिष्ठ काय म्हणाले म्हणून. मग दर सोमवारी, जेवणं आटोपली की, त्या खिडकीशी बसून कारखान्याची खबर घ्यायच्या. गवंडी वेळेवर येतात का, सिमेंट उघड्यावर पडलंय का, जहाज धुऊन घेतात का. ती मुलगीही बिचारी सगळं सांगायची. तिला दुसरे फोन येत नसावेत.

शेअरचा भाव वर-खाली व्हायला लागला तशी आत्याबाईंना नवीनच खोड लागली. गॅस घेणारे देश थंडीचे, तिथे थंडी कडक पडली की भाव चढतो, असं सुनेने वाचून सांगितलं. तेव्हापासून बातम्यांत परदेशातल्या हवामानाचा नकाशा आला की आत्याबाई सगळ्यांना गप्प करायच्या. कुठे तरी बर्फाचं वादळ झालं, रस्ते बंद पडले, माणसं घरात अडकली, की त्यांचा चेहरा उजळायचा. "बिचारी," त्या म्हणायच्या, "शेकोट्या पेटवत असतील." एकदा कुठे अवेळी ऊन पडलं आणि तिथली मुलं बागेत खेळताना दाखवली, तर म्हणाल्या, "आयांना काही अक्कल? सर्दी होईल. घरात घ्या."

मग कारखाना सुरू झाला आणि भाव चढत गेला. लेकीकडून जावयाला एव्हाना सगळं कळलं होतं. आत्याबाई त्याच्याशी गोड बोलायला लागल्या. त्याला याचा फार त्रास झाला.

आणि मग गॅसचं बिल आलं.

हे घरचं बिल. बिल्डिंगला पाइपचा गॅस आहे, प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात मीटर. त्या महिन्यात बिलाचा कागद तोच होता, आकडा मात्र भलत्याच घरचा वाटत होता. सगळ्यांना आधी वाटलं चूक आहे. मग सगळ्यांनी एकमेकांची बिलं बघितली आणि चूक सारखीच निघाली. संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये सभा भरली. खुर्च्या आल्या, ज्यांना खुर्च्या मिळाल्या नाहीत ते स्कूटरवर बसले.

प्रत्येकाकडे उपाय होता. चौथ्या मजल्यावरचे काका म्हणाले, मीटरवर थंड पाण्याचं फडकं ठेवा, हळू फिरतो. त्यांच्या बायकोने सांगितलं की फडकं महिनाभर ठेवलंय आणि बिल यांचंच सगळ्यांत जास्त आहे. दुसरे कुणी म्हणाले, एकदाच शिजवा, तीनदा खा. मास्तरीणबाईंनी अर्ज लिहायचा म्हणून तीन मुद्दे सांगितले आणि प्रत्येक मुद्द्याला तीन पोटमुद्दे.

या सगळ्यात पहिल्या मजल्यावरची डबेवाली बोलत नव्हती. ती एकटी बाई ऑफिसातल्या लोकांना जेवणाचे डबे करून देते. तिच्या चार शेगड्यांचा आवाज सकाळी जिन्यात ऐकू येतो. सगळ्यांचं बोलून झाल्यावर ती आत्याबाईंच्या खुर्चीजवळ येऊन हळूच म्हणाली, "मी एक शेगडी बंद केली, आत्याबाई. डब्याचा दर वाढवला तर गिऱ्हाईक जातं, आणि नाही वाढवला तर मी जाते. यांच्या अर्जांनी काही व्हायचं नाही. तुम्ही बोललात की होतं."

आता असं कुणी म्हटल्यावर आत्याबाई बसून राहतील का? त्या उठल्या. काय बोलल्या ते त्यांना नंतर आठवेना, इतकं ते आतून आलं. पण त्यात 'आपल्या चुलीवर कुणी तरी आपली पोळी भाजून घेतंय' असं होतं, 'त्याला शोधून काढल्याशिवाय स्वस्थ बसणार नाही' असंही होतं. टाळ्या पडल्या. स्कूटरवरच्यांनी हॉर्न वाजवले. आत्याबाई आंदोलनाच्या प्रमुख झाल्या आणि मास्तरीणबाईंना घोषणा लिहायचं काम मिळालं.

वर येऊन त्यांनी जावयाला फोन लावला. सल्लागार आहे, कुणावर मोर्चा न्यायचा ते सांगेल.

जावई पलीकडून बराच वेळ हसला. "आई, दर वाढणारच की! इथला गॅस थंड करून बाहेर जास्त भावाने विकता येतो, मग इथे स्वस्तात कोण देईल? इथला गॅस बाहेर जायला लागला की इथला भाव चढतो. ज्याला तुम्ही शोधताय ना, ती तुमचीच कंपनी आहे."

आत्याबाईंनी फोन ठेवला. सून कणीक मळत होती. तिने न विचारता सांगितलं, "आज भाव चांगलाच वर आहे, आई."

"वाढू दे."

"बिलही वाढणार मग."

"वाढू दे. म्हणजे नको. म्हणजे तू कणकेकडे लक्ष दे."

त्या रात्री आत्याबाईंना झोप लागली नाही असं लिहायला हवं, पण आत्याबाईंना नेहमी लागते तशी ती लागली. सकाळी उठल्यावर मात्र त्यांनी चहा करताना शेगडीची ज्योत बारीक केली, मग मोठी केली, मग पुन्हा बारीक केली. मोठी ज्योत म्हणजे कंपनीला फायदा. बारीक म्हणजे घराला. चहा जळला.

मोर्चा आधी गॅसच्या कचेरीत गेला. तिथे एका खिडकीवर लिहिलं होतं 'तक्रार', दुसरीवर 'बिल', तिसरीवर काहीच नाही. तक्रारवाला म्हणाला, बिलाची तक्रार बिलाच्या खिडकीवर. बिलवाला म्हणाला, आम्ही फक्त छापतो. काहीच न लिहिलेल्या खिडकीमागे एक गृहस्थ जेवत बसले होते. त्यांना कुणी प्रेमाने काही विचारण्याची बहुधा ही पहिलीच वेळ असावी. ते तोंड पुसून म्हणाले, "आमच्या हातात काय आहे बाई? दर ठरतो वर. खरं विचारायचं तर गॅस बाहेर नेणाऱ्या कंपनीला विचारा. येत्या मंगळवारी गावाबाहेरच्या मोठ्या हॉटेलात त्यांची वार्षिक सभा आहे. सगळे साहेब एका जागी सापडतील."

"ठरलं!" मास्तरीणबाई म्हणाल्या. "मोर्चा तिकडेच."

आत्याबाईंना त्या सभेची माहिती होती. त्याचं आमंत्रण त्यांच्या उशाखाली होतं.

मंगळवारी आजारी पडायचा त्यांनी विचार केला. पाठ दुखते म्हणून सांगायचं ठरवलंही. पण सोमवारी संध्याकाळी मास्तरीणबाई जिन्यात भेटल्या आणि आपुलकीने म्हणाल्या, "दगदग झेपत नसेल तर राहू द्या हो, आत्याबाई. मी नेईन सगळ्यांना पुढे." पाठ तिथल्या तिथे बरी झाली.

हॉटेलचं फाटक उंच होतं. आत हिरवळ, बाहेर बिल्डिंगच्या बायका. मास्तरीणबाईंच्या घोषणा व्याकरणशुद्ध होत्या, त्यामुळे दमछाक व्हायची. शेवटी आत्याबाईंनी त्या बाजूला सारल्या आणि स्वतःच्या गळ्याने सुरुवात केली, "शेगडी आमची, मर्जी तुमची..." "नाही चालणार, नाही चालणार!" आत्याबाईंचा आवाज मोठा आहे. तो हिरवळ ओलांडून काचेच्या दारापर्यंत गेला. दाराशी टेबल टाकून बसलेल्या एका मुलीने मान वर केली. मग ती उठली. मग ती चक्क फाटकाकडे धावत आली.

"बाई!" ती आनंदाने म्हणाली. "टाकीच्या रंगाच्या बाई ना तुम्ही? आवाजावरूनच ओळखलं! मी मदत क्रमांकावरची. अहो, बाहेर का उभ्या तुम्ही? तुमचा पास मी कालच काढून ठेवलाय. भागधारकांना थेट आत प्रवेश आहे. या ना!"

घोषणा जिथे होती तिथे तुटली. चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या हातातला फलक खाली आला.

"भागधारक?" मास्तरीणबाई म्हणाल्या. शाळेत मागच्या बाकावरचा मुलगा पकडल्यावर त्यांचा आवाज असाच होत असणार. "म्हणजे शेअर? तुम्ही?"

आत्याबाईंनी सुनेकडे पाहिलं. सून फाटकाच्या सळया मोजत होती. मग त्यांची नजर डबेवालीवर गेली. डबेवाली रागावली नव्हती. ती आपल्याच मनाशी काही तरी जुळवत होती, आणि जुळलं तसा तिने फलक दुसऱ्या हातात घेतला आणि आत्याबाईंच्या शेजारून एक पाऊल बाजूला सरकली. एकच पाऊल. मास्तरीणबाईंच्या सगळ्या पोटमुद्द्यांपेक्षा ते जास्त लागलं.

"हो, आहे," आत्याबाई म्हणाल्या. "मी मालकीण आहे. आणि मालकिणीला आत सोडतात, तुम्हाला नाही. तेव्हा मी जाते आणि विचारते."

"काय विचारणार?" डबेवाली म्हणाली.

आत्याबाईंनी पदर खोचला. त्या आत गेल्या.

आत गारवा होता. कंपनीचा धंदाच तो. मंचावर सहा साहेब, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली, थोरला तिथे सुखात राहिला असता. पडद्यावर टाकी, पांढरीच. लोक एकेक करून ध्वनिक्षेपकाशी जाऊन लाभांश का कमी म्हणून विचारत होते. मदत क्रमांकाच्या मुलीने आत्याबाईंचं नाव लावून दिलं होतं. त्यांची पाळी आली. बोलायचं ठरवलेलं काही नव्हतं. टाकीबद्दल बोलावं असा मोह त्यांना झाला. बोलता आलंही असतं.

"मी तुमच्या कारखान्याची मालकीण," त्या म्हणाल्या. हॉलमध्ये कुणी तरी हसलं. "मला फायदा पाहिजे. कुणाला नको असतो? पण आमच्या बिल्डिंगमध्ये एक बाई डबे करते. तुमचा फायदा झाला त्या महिन्यात तिने एक शेगडी बंद केली. ती बाहेर फाटकाशी उभी आहे. तुमचा गॅस दाबून लहान करता, थंड करता, सगळं करता. तुम्ही शिकलेली माणसं आहात. मग माझा फायदा आणि तिची शेगडी, दोन्ही एका ट्रंकेत कसं भरायचं तेवढं सांगा. मी थांबते."

मधले साहेब चष्मा काढून म्हणाले, "अतिशय मोलाचा प्रश्न. आम्ही त्याची नोंद घेतली आहे. पुढचे?"

"नोंद नको, उत्तर पाहिजे."

मागच्या रांगेतून एक म्हातारे गृहस्थ ओरडले, "अहो बसा की! लाभांशाचं राहिलंय!" एका मुलाने अगदी अदबीने आत्याबाईंच्या तोंडासमोरचा ध्वनिक्षेपक उचलून नेला. आत्याबाई तो जाताना बघत राहिल्या. त्यांच्या तोंडासमोरून आजवर कुणी ताट उचललं नव्हतं.

बाहेर आल्या तेव्हा बिल्डिंगच्या बायका पायरीवर बसल्या होत्या. "काय म्हणाले?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"नोंद घेतली म्हणाले." थापा मारता आल्या असत्या. कुणी आत नव्हतं. "हाकललं मला. गोड बोलून."

मास्तरीणबाईंनी फलक गोळा करायला घेतले. बसमध्ये डबेवाली पुढच्या बाकावर बसली होती आणि तिने मागे वळून पाहिलं नाही.

बुधवारी सकाळी आत्याबाई जिना उतरून पहिल्या मजल्यावर गेल्या. तीन शेगड्या चालू होत्या, चौथीवर पीठ चाळायची चाळणी ठेवली होती.

"कशाला आलात?" डबेवाली म्हणाली. "पैसेबिसे द्यायला आला असाल तर जा. मला उपकार नकोत."

"उपकार कोण करतंय? मी काय दानशूर आहे?" आत्याबाई चिडल्या, त्यांना खरंच राग आला. "डबा पाहिजे. दुपारचा, घरच्या सगळ्यांचा. पैसे त्या कंपनीच्या फायद्यातून देईन, महिन्याचे आगाऊ."

डबेवालीचा हात पातेल्यावर थांबला. आत्याबाईंनी आयुष्यात परक्याच्या हातचं जेवण घरात आणू दिलं नव्हतं. लेकीच्या लग्नातसुद्धा त्या आचाऱ्याच्या डोक्यावर उभ्या होत्या. सगळ्या बिल्डिंगला हे माहीत आहे, कारण आत्याबाईंनीच सांगितलंय.

"तुम्हाला चालेल माझ्या हातचं?"

"ते खाल्ल्यावर सांगेन."

"सांगायचं नाही," डबेवाली म्हणाली. "ही माझी अट. मीठ कमी, तिखट जास्त, काही सांगायचं नाही. इतर गिऱ्हाइकं जेवतात तसं जेवायचं."

कंपनीच्या साहेबांनी सुद्धा एवढी कठीण अट घातली नव्हती. मग आत्याबाईंनी चौथ्या शेगडीवरची चाळणी उचलून बाजूला ठेवली आणि वर निघून गेल्या.

आता दुपारी डबा येतो. थोरली सून तो वाढते, आणि तिच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं ते बघवत नाही. पहिल्या दिवशी आत्याबाईंनी घास घेतला तेव्हा सगळं घर श्वास रोखून बसलं होतं. त्यांनी चावला, गिळला. कपाळाला आठी पडली, ओठ हलले. थोरल्याने पाण्याचा ग्लास धरला. आत्याबाईंनी भाजीकडे बोट दाखवून सुनेला आणखी वाढायला सांगितलं आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. बिल्डिंगमध्ये ही बातमी संध्याकाळपर्यंत पोचली. पुढच्या आठवड्यात मास्तरीणबाईंच्या यजमानांनीही डबा लावला. जिन्यात भेटले की ते आत्याबाईंना हात जोडून विचारतात, "काय भागीदार, आज भाव काय?" आणि आत्याबाईंना सांगावा लागतो.

महिना संपला तशी डबेवाली स्वतः वर आली. दारातच उभी राहिली.

"पुढच्या महिन्यापासून डब्याचा दर वाढतोय, आत्याबाई. गॅस महागलाय." आणि ती सरळ त्यांच्या डोळ्यांत बघत होती. हे गिऱ्हाईक जाणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

"किती?"

तिने सांगितलं. आत्याबाईंनी आजवर भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत कुणालाही पहिला सांगितलेला दर दिला नव्हता. सून आतून डोकावली. आत्याबाई म्हणाल्या, "बरं." डबेवाली क्षणभर थांबली, ओळखीचं हसली आणि जिना उतरून गेली.

"बघ गं," आत्याबाई सुनेला म्हणाल्या, "भाव काय आहे आज?"

सुनेने फोन काढला. "वर आहे, आई."

"असणारच," आत्याबाई खुर्चीत टेकत म्हणाल्या. "वरच्या शेगडीचं बिल मी भरते, खालच्या शेगडीचं बिल मी भरते. ती आख्खी कंपनी माझ्या एकटीच्या जिवावर चाललीय."